समुद्राची संयुक्त पाहणी

कक्ष अधिकारी बाईंनी भिंतीवरचा नकाशा खिळ्यासकट काढला, सहसचिवांच्या टेबलावर पसरला आणि समुद्र शोधायला सुरुवात केली.

सहसचिवांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि तेही नकाशावर वाकले. देशाची हद्द लाल रंगात होती. कक्ष अधिकारी बाईंचं बोट त्या लाल रेषेवरून एक पूर्ण फेरी मारून जिथून निघालं तिथे परत आलं.

"हे काय निळं दिसतंय?"

"शाईचा डाग आहे, साहेब."

"नक्की?"

तिने नखाने खरवडून पाहिलं. "नक्की."

"त्यांच्या देशाला तरी असेल."

"त्यांचा देश आपल्याहून आत आहे, साहेब."

सहसचिव खुर्चीत बसले. समोर दोन देशांमधला विकास सहकार्याचा करार उघडा पडला होता. त्याच्या सतराव्या कलमात स्वच्छ लिहिलं होतं की करार राबवण्यासाठी दोन्ही देशांची एक संयुक्त समिती असेल आणि तिच्या हाताखाली चार उपसमित्या असतील. आरोग्य, शिक्षण, रस्ते आणि सागरी मासेमारी.

घडलं होतं ते असं. मसुद्याचं काम आलं तेव्हा ती खात्यात नवी होती. नवा करार लिहायचा म्हणजे जुना करार काढायचा, त्यातलं एका देशाचं नाव खोडायचं आणि दुसऱ्याचं घालायचं, ही खात्याची रीत. तिने रीत पाळली. तिने काढलेला जुना करार किनारपट्टीवरच्या एका मित्रदेशाशी झालेला होता, एवढंच. पुढे मसुदा बऱ्याच टेबलांवरून फिरला. प्रत्येक टेबलाने एखादा स्वल्पविराम इकडचा तिकडे केला आणि सही ठोकली. दोन्ही देशांच्या संसदांनी करार एकमताने मंजूर केला. मासेमारीच्या कलमाला बाकं वाजली म्हणतात.

"आपल्याकडून जरा नजरचूक झाली," सहसचिव म्हणाले. हाताखालच्या माणसाची चूक असली की ते नेहमी 'आपण' म्हणत. माणूस भला होता.

"ते कलम काढून टाकू या ना, साहेब."

"काढायचा अधिकार संयुक्त समितीला."

"मग समितीची बैठक बोलावू."

"चारही उपसमित्यांचे पहिले अहवाल आल्याशिवाय समिती बसू शकत नाही. कलम अठरा." त्यांनी चष्मा काढला. "तेही तुम्हीच उतरवलंय."

खिडकीतून मागचं आवार दिसत होतं. करारातून आलेल्या फिरत्या दवाखान्यांच्या गाड्या तिथे ताडपत्रीखाली उभ्या होत्या. समिती बसेपर्यंत त्यांना ना चालक मिळणार होता, ना डिझेल. एका गाडीत मांजर व्यायली होती. आरोग्य सहकार्याचा आजवरचा लाभ तेवढाच.

"म्हणजे मासेमारीची उपसमिती नेमावीच लागणार," ती म्हणाली.

"दोन्ही बाजूंनी एकेक अधिकारी. विषयाचा अनुभव असलेला." सहसचिवांनी कलमावर बोट ठेवलं. "शोधा."

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, साहेब?"

"पोहरा टाकून तर पाहा."

पोहरा तिने कॅन्टीनमध्ये टाकला. मासे म्हटल्यावर आधी सगळे हसले. तिचं नाव दर्याबाई पडलं ते त्याच दिवशी, चहा निवायच्या आत. मग गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "मासे म्हणजे नाना. तळमजल्यावर, शेवटची खोली."

नाना एकेकाळी खात्यातले सगळ्यात चोख अवर सचिव होते. बायको गेली तेव्हा वरिष्ठांना वाटलं, बिचाऱ्याला सध्या ताप नको, म्हणून त्यांच्याकडचा एक विषय दुसऱ्याकडे दिला. मग आणखी एक. असं करत करत दयेपोटी सगळंच काढून घेतलं. आता नानांकडे एक खुर्ची, एक टेबल आणि टेबलावर काचेची फिशटँक उरली होती. टाकीत एकच सोनेरी मासा होता. तो तळाशी स्वस्थ पडून असायचा. येणारा-जाणारा प्रत्येक जण हळहळून त्याला चिमूटभर खाणं टाकायचा आणि निघून जायचा.

"नाना, तुम्हाला माशांचा अनुभव आहे ना?"

नानांनी टाकीकडे पाहिलं. "एकाचा आहे."

"समुद्र पाहिलाय?"

"कॅलेंडरवर." त्यांनी टाकीची काच बाहीने पुसली. "हिला फार हौस होती. मी म्हणायचो, रिटायर झाल्यावर निवांत जाऊ. तिलाच घाई झाली."

तिने वही उघडली. मग म्हणाली, "तुम्हाला एका उपसमितीवर घ्यायचंय."

नाना खुर्चीतून उठले. "काम आहे?"

"आहे की. बैठका, पाहणी, अहवाल."

"विषय?"

तिने विषय सांगितला. कॅन्टीनमधल्यासारखे ते हसतील म्हणून तिने मनाची तयारी केली होती. नाना हसले नाहीत. ड्रॉवर उघडून त्यांनी पेन काढलं, झटकून पाहिलं, शाई वाळली होती म्हणून दुसरं काढलं आणि विचारलं, "मागचे काही संदर्भ?"

"नाहीत."

"बरंय. म्हणजे आपल्यापासूनच सुरुवात."

पलीकडच्या देशाने एक बाई पाठवल्या. पिकलेले आखूड केस, रुंद खांदे, हातात कापडी पिशवी. त्यांच्या खात्यात पोहता येणाऱ्या त्या एकट्याच होत्या, म्हणून नेमणूक झाली होती. मोठी दालनं आरोग्य, शिक्षण आणि रस्ते यांनी अडवली होती. मासेमारीला स्टेशनरीच्या गोदामाला लागून असलेली खोली मिळाली. टेबलावर दोन छोटे झेंडे, पाण्याचे दोन ग्लास, मधल्या खुर्चीवर दुभाषी आणि कोपऱ्यात टिपणं घ्यायला कक्ष अधिकारी.

बाई काहीतरी बोलल्या.

"बाई विचारतात," दुभाषी म्हणाला, "आपल्याकडे समुद्राची परिस्थिती काय आहे?"

नानांनी नीट विचार केला. "जैसे थे, म्हणावं."

दुभाष्याने सांगितलं. बाईंनी मान डोलावली आणि एकच शब्द उच्चारला.

"त्यांच्याकडेही जैसे थे."

"एकमत," नाना म्हणाले. "घ्या लिहून."

तिने लिहून घेतलं. पुढचा विषय होता प्रत्यक्ष पाहणी. कलमाप्रमाणे ती टाळता येत नव्हती. दुभाष्याने छताकडे पाहिलं, तिने वहीत डोकं घातलं. नाना काही न बोलता उठून गेले. परतले ते फिशटँक पोटाशी धरून, दारातून तिरके होत. शर्ट भिजला होता. टाकी त्यांनी दोन झेंड्यांच्या बरोबर मधे ठेवली.

बाईंनी पिशवीतून चष्मा काढला. टाकीभोवती टेबलाला एक फेरी मारली. काचेवर टिचकी मारली. मग बराच वेळ बोलल्या.

दुभाषी घुटमळला. "म्हणतात, याला खाणं फार होतंय. सगळेच टाकत असणार, कीव येऊन. त्याने मासा सुस्तावतो."

"मग?"

"म्हणतात, जरा भूक लागू द्या. आपोआप पोहेल."

नाना टाकीकडे बघत राहिले. त्यांच्या बाहीतून पाणी टपकत होतं ते त्यांना कळलं नाही. बाईंनी पिशवीतून रुमाल काढून टेबलावरून पुढे सरकवला.

"मुद्दा पटला म्हणावं," नाना म्हणाले. "फार पटला."

पहिला संयुक्त अहवाल त्याच संध्याकाळी सादर झाला. 'दोन्ही देशांतील सागरी परिस्थिती जैसे थे. उपलब्ध साठा: एक. हालचालीस वाव आहे.' सगळ्यात आधी आलेला अहवाल हाच. बाकीचेही रडतखडत आले, समिती बसली आणि एका सकाळी गाड्यांवरच्या ताडपत्र्या निघाल्या. मांजरीने पिल्लं एकेक करून सहसचिवांच्या गाडीत हलवली.

कलम काढायचं मात्र त्या बैठकीत राहून गेलं. सगळा वेळ, आधी सही कोणत्या बाजूने करायची यातच गेला.

आणि उपसमिती चालू राहिली. एकदा इथे, एकदा तिथे. आरोग्यवाल्यांचा अध्यक्षपदावरून अबोला होता, रस्तेवाले टेबल गोल असावं की लांब यावर अडले होते. मासेमारीचा अहवाल मात्र कधी चुकला नाही. सहसचिव बाकीच्यांना सुनावायचे, "त्यांच्याकडून शिका जरा. समुद्र नाही, बोट नाही, तरी कुठे अडलं का त्यांचं?"

तक्रार एकच होती, दुभाष्याची. एकदा तो तिच्या टेबलाशी येऊन बसला. "मॅडम, माझी दुसरीकडे बदली करा."

"का हो?"

"मी भाषांतर कशाचं करायचं? दोघं बसतात आणि मासा बघतात. मधेच नाना काहीतरी बोलतात, मी तोंड उघडायच्या आत बाई हसतात. काल मी नुसता खोकलो तर दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मीच आगंतुक!"

"मासा कसा आहे?"

"मासा?" दुभाष्याने हात झटकला. "मासा धावतोय."

एकदा नानांची लेक नातवाला कडेवर घेऊन आली. नाना त्या वेळी बैठकीसाठी पलीकडच्या देशात होते. ती दारातच उभी राहून म्हणाली, "ताई, एक विचारू? राग नका मानू. बाबांच्या त्या समितीत नक्की चालतं काय?"

"समुद्राची पाहणी."

"आपल्याला समुद्र आहे?"

"अजून तरी नाही."

लेकीने मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. "आई गेल्यापासून मी रोज सांगत होते, बाबा, शर्टांची कॉलर विरली, नवे शिवा. गेल्या महिन्यात आपले आपण जाऊन दोन शिवून आले. घरात शीळ घालतात. मला आधी वाटलं, कुकर बिघडलाय." ती हसली आणि लगेच तिने तोंड फिरवलं. "चालू राहील ना ही समिती?"

कक्ष अधिकारी बाईंनी ड्रॉवर उघडला. तिने नातवाला एक रबर दिलं. त्याने ते तोंडात घातलं.

त्याच सकाळी सहसचिवांनी तिला आत बोलावलं होतं.

"तुमच्या बढतीचा विषय वर गेलाय," ते म्हणाले होते. "वरून विचारणा झाली. ह्याच का त्या समुद्रवाल्या?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, आपल्याकडून झालं होतं तसं." त्यांनी टाचणी उचलली, परत ठेवली. "पुढच्या संयुक्त समितीत ते कलम वगळू या. ठरावाचा मसुदा तुम्हीच करा. डाग ज्याचा त्याने धुतलेला बरा दिसतो. उपसमिती बरखास्त, विषय संपला, तुम्ही मोकळ्या."

ती याचीच वाट पाहत होती. जिन्यात, लिफ्टमध्ये, एकदा तर स्वतःच्या सासूच्या तोंडून तिने दर्याबाई ऐकलं होतं. सासूबाईंना ते कौतुकाचं नाव वाटत होतं, हे आणखी वाईट. तिने ठराव लिहिला. एका वाक्याचाच तर होता.

बातमी लपून राहत नाही. प्रवासाहून आल्या आल्या नाना तिच्या टेबलाशी आले. नवा शर्ट होता.

"बाईसाहेब, ठराव झाला म्हणे लिहून. नजर टाकू का?"

"नाना..."

"चूक ती चूक. कधी ना कधी काढायलाच हवी." त्यांनी कागद हातात घेतला आणि उभ्याउभ्या वाचला. पेन काढून एक स्वल्पविराम इकडचा तिकडे केला. "आता बरोबर."

"तुम्ही तसेही पुढच्या महिन्यात रिटायर होताय," ती म्हणाली. कशाला म्हणाली ते तिलाही कळलं नाही.

"हो."

"पण तुमचं सदस्यत्व त्याने गेलं नसतं. काम पूर्ण होईपर्यंत राहतं ते. कलम..."

"एकोणीस," नाना म्हणाले. "पाठ आहे मला."

कागद त्यांनी टेबलावर ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर तिचा कप ठेवला आणि ते गेले. जाताना शीळ घातली नाही.

दुपारभर तो कागद कपाखालीच राहिला. ऑफिस सुटायच्या सुमारास तिने कपाट उघडलं आणि किनारपट्टीच्या देशाशी झालेला तो जुना करार बाहेर काढला. पहिल्या वेळी तिने त्यातलं फक्त देशाचं नाव पाहिलं होतं. या वेळी ओळीवर बोट ठेवून, पहिल्या पानापासून वाचत गेली. शिपायाने दोनदा येऊन दिवे मालवायचे आहेत असं सांगितलं. शेवटून दुसऱ्या पानावर बोट थांबलं. तिथलं एक कलम तिने तेव्हा उतरवायचं सोडलं होतं, बहुधा पान उलटताना दोन पानं चिकटली असावीत. ते तिने आता उतरवलं. एकही शब्द बदलला नाही, किनारपट्टीच्या देशाचा उल्लेखसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सहसचिवांनी ठराव वाचायला घेतला. ते भराभर वाचणारे होते. या वेळी मात्र वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि मोठ्याने परत वाचलं.

"'उपसमिती बरखास्त करण्यात यावी. तत्पूर्वी तिच्या सदस्यांनी किनारपट्टीवरील मित्रदेशाच्या समुद्रकिनाऱ्याची संयुक्त पाहणी करावी. पाहणी समाधानकारकरीत्या पूर्ण झाल्याचे सदस्यांनी कळवल्यानंतरच बरखास्ती अमलात येईल.'" त्यांनी वर पाहिलं. "हे जुन्या करारातून आलंय."

"हो, साहेब."

"नजरचूक?"

"नाही, साहेब."

खिडकीबाहेरचं आवार मोकळं होतं. सहसचिवांनी एकदा तिकडे पाहिलं.

"वर गेल्यावर हसतील. तुमचं नाव काही पुसलं जायचं नाही मग."

"दर्याबाई काही वाईट नाव नाही, साहेब. सासूबाईंना आवडतं."

सहसचिवांनी पेन उघडलं. सही करता करता म्हणाले, "बरं. आपण काही नीट वाचलं नाही."

"नाही, साहेब."

"दुभाषी कोण जाणार सोबत?"

"दुभाषी नको. विषय तांत्रिक आहे."

संयुक्त समितीत ठराव एकमताने मंजूर झाला. बाकं वाजली.

निघायच्या आदल्या दिवशी नाना फिशटँक पोटाशी धरून वर आले आणि ती त्यांनी तिच्या टेबलावर ठेवली. शर्ट भिजला होता. त्यांनी खाण्याची डबी बाजूला ठेवली, झाकण घट्ट लावलं. मग टाकीच्या काचेवरून हात फिरवला.

"एका वेळी एक दाणा," ते म्हणाले. "कितीही कीव आली तरी."

फोन आला तेव्हा ती दुसऱ्याच एका कराराचा मसुदा ओळीवर बोट ठेवून वाचत होती. आधी नुसताच आवाज ऐकू आला. कोणीतरी एखादी भली मोठी ताडपत्री झटकतंय, परत झटकतंय, असा.

"नाना? नाना, ऐकू येतंय का?"

"पाहणी चालू आहे!" नाना ओरडून बोलत होते. "पण लवकर पुरी होईल असं वाटत नाही!"

"का हो?"

"अहो, फार मोठा आहे हो!" आणि जरा वेळाने, हळू आवाजात, "हिने सांगितलं होतं त्याहून मोठा आहे."

मागून एका बाईचा आवाज आला. "नाना, चहा गार होतोय." स्वच्छ, आपल्याच भाषेत.

"आलो, आलो," नाना म्हणाले, आणि फोन ठेवायचा विसरून गेले. ताडपत्री झटकल्याचा आवाज तसाच येत राहिला. तिने तो थोडा वेळ ऐकला आणि रिसीव्हर खाली ठेवला.

सहसचिव दारात उभे होते. "काय म्हणतायत?"

"मुदतवाढ हवी आहे."

"कारण?"

"विषयाची व्याप्ती अपेक्षेपेक्षा मोठी निघाली."

सहसचिवांनी गंभीरपणे मान डोलावली. "किती द्यायची?"

"ते कळवतील, साहेब."

ते आत आले, टाकीसमोर वाकले, आणि त्या एकट्या माशाकडे बघत त्यांनी नकळत डबीकडे हात नेला. तिने डबी उचलून ड्रॉवरमध्ये टाकली. मासा काचेच्या कडेकडेने एक पूर्ण फेरी मारून जिथून निघाला होता तिथे आला, आणि न थांबता पुढे गेला.